झिजलेल्या गिटारीचे मोल

18 नोव्हेंबर 1993. न्यूयॉर्कमधल्या सोनीच्या स्टुडिओत एमटीव्ही या वाहिनीसाठी 'निर्वाणा' या रॉक बँडच्या मैफलीचे चित्रीकरण चालू होते. कानठळ्या बसवणाऱ्या इलेक्ट्रिक गिटारी ही ज्या बँडची ओळख, त्याने इथे बसून, लाकडी गिटारींवर गायचे, असा त्या कार्यक्रमाचा शिरस्ता. तो काटेकोरपणे पाळला गेला नाही, हा भाग वेगळा. शेवटच्या गाण्याआधी गायक कर्ट कोबेनने श्रोत्यांना एक किस्सा सांगितला. लेडबेली हा त्याचा सर्वांत आवडता कलावंत. लेडबेलीच्या वारसांच्या वतीने एकाने त्याची गिटार कोबेनला देऊ केली होती. मागितलेली किंमत 5 लाख डॉलर. रेकॉर्ड कंपनीचा संस्थापक डेव्हिड गेफन याच्याकडे 'मला ती घेऊन दे' म्हणून गळ घालून पाहिली, पण तो काही बधला नाही, असे कोबेनने सांगितले. श्रोते हसले. मग त्याने लेडबेलीमुळे प्रसिद्ध झालेले एक जुने लोकगीत गाऊन कार्यक्रम संपवला. पाच महिन्यांच्या आत कोबेनने आत्महत्या केली.

त्या संध्याकाळी त्याच्या हातात 1959 सालची मार्टिन कंपनीची डी-18ई ही सहा तारांची गिटार होती. जून 2020 मध्ये तिचा लिलाव झाला. हातोडा पडला आणि शुल्कासह किंमत झाली 60 लाख 10 हजार डॉलर. तोवर जगातल्या कोणत्याही गिटारीला इतकी किंमत आली नव्हती. ज्याची गिटार 5 लाखांना महाग वाटली, त्याचे गाणे ज्या गिटारीवर वाजले ती 27 वर्षांनी त्याच्या बारापट किमतीला गेली.

जुन्या वाद्यांच्या बाजारात अशा गोष्टींचे कोणाला नवल वाटत नाही. मला मात्र या व्यवहारातली पहिली, न विकली गेलेली गिटार जास्त महत्त्वाची वाटते. लेडबेलीचे वाद्य बारा तारांचे होते. ते ज्या काळात आणि ज्या लोकांसाठी बनले, तेव्हा वापरून झिजलेल्या गिटारीची किंमत उतरत असे, चढत नसे. ही दिशा कधी, कशी आणि कोणासाठी बदलली, याचा माग बारा तारांच्या गिटारीइतका दुसऱ्या कुठल्या वाद्यावर स्पष्ट दिसत नाही. कारण हे वाद्य स्वतःच स्वतःला मोडत असते.

ते कसे, हे सांगण्याआधी वाद्य समजून घेऊ. आपल्या तंबोऱ्याला चार तारा असतात. त्यांतल्या मधल्या दोन्ही षड्जात लागलेल्या, म्हणून तिला 'जोडी' म्हणतात. जोडीच्या दोन तारा कितीही एकरूप लावल्या तरी त्यांच्यात केसभर फरक उरतो आणि त्या फरकातून आवाजाला एक संथ हेलकावा मिळतो. बारा तारांच्या गिटारीत अशा सहा जोड्या असतात. वरच्या पट्टीतल्या दोन जोड्यांच्या तारा एकाच सुरात. खालच्या चार जोड्यांत मात्र एक तार जाड आणि दुसरी तिच्या बरोबर एक सप्तक वर लागलेली बारीक तार. एका फटकाऱ्यात खर्ज आणि त्याचा वरचा स्वर एकदम उमटतात. ऐकणाऱ्याला दोन माणसे वाजवताहेत असा भास होतो. कोपऱ्यावर एकट्याने उभे राहून चार पैसे मिळवणाऱ्या गवयाला अशा वाद्याचे आकर्षण का वाटले असेल, हे वेगळे सांगायला नको.

या वाद्याचा जन्म एका कारागिराच्या नावावर लावता येत नाही. मेक्सिको आणि टेक्सासच्या सीमाभागात 'बाहो सेक्स्तो' नावाचे सहा जोड्यांचे वाद्य होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत मँडोलिनची लाट आली होती आणि जोडतारांचा आवाज लोकांच्या कानात बसला होता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांत बाल्टिमोरला कार्ल होल्झॅपफेल, शिकागोला लायन अँड हीली, न्यूयॉर्कजवळच्या जर्सी सिटीला ऑस्कर श्मिट असे उत्पादक बारा तारांच्या गिटारी बनवत होते. यांतली श्मिट कंपनीची 'स्टेला' ही पुढे दंतकथा झाली. पण बनली तेव्हा तो स्वस्त माल होता. मागच्या-बाजूच्या फळ्या बऱ्याचदा बर्चच्या, म्हणजे आपल्या भूर्जाच्या कुळातल्या लाकडाच्या. वर उंची लाकडाचा भास देणारी रंगरंगोटी. तबलीच्या आतून आधाराला साध्या आडव्या पट्ट्या. संगीताच्या मोठ्या पेढ्यांत न जाता हा माल ठोक व्यापाऱ्यांमार्फत खेड्यापाड्यांतल्या फर्निचरच्या आणि किरकोळ मालाच्या दुकानांत पोचत असे. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय शेतमजुराला, रेल्वे कामगाराला, अंध भिक्षेकऱ्याला परवडेल असे वाद्य तेच. अडचण आली की ते गहाणवटीच्या दुकानात जाई, सोडवता आले तर परत येई. अशा वाद्याची झीज ही फक्त झीज असते. गहाण ठेवून घेणारा ती पाहून दोन डॉलर कमी देतो.

ह्यूडी लेडबेटर, म्हणजेच लेडबेली, 1888 च्या सुमारास लुइझियानात जन्मला. 1910 नंतर डॅलसमध्ये अंध गायक ब्लाइंड लेमन जेफरसनबरोबर तो रस्त्यावर आणि दारूच्या गुत्त्यांत गाऊ लागला. बारा तारांची गिटार त्याच्या हाती आली ती त्याच सुमारास, आणि मग ती सुटली नाही. पुढे खुनाच्या गुन्ह्यात टेक्सासच्या तुरुंगात, तिथून 1925 मध्ये गव्हर्नर पॅट नेफ याने दिलेल्या माफीवर सुटका, 1930 मध्ये प्राणघातक हल्ल्याच्या आरोपावरून लुइझियानातल्या अँगोला तुरुंगात रवानगी. तिथे जुलै 1933 मध्ये जॉन लोमॅक्स आणि त्याचा मुलगा अ‍ॅलन हे लोकगीत-संग्राहक मोटारीत अवजड ध्वनिमुद्रण यंत्र घालून आले. काँग्रेसच्या ग्रंथालयासाठी कैद्यांची गाणी गोळा करायला ते निघाले होते. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा येऊन लेडबेलीने गव्हर्नरला उद्देशून रचलेले विनंतीगीत मुद्रित केले. ते ऐकून गव्हर्नरने त्याला सोडले, अशी कथा वर्तमानपत्रांनी चालवली आणि ती अजून चालते. तुरुंगाच्या कागदपत्रांनुसार ऑगस्ट 1934 मधली त्याची सुटका चांगल्या वर्तणुकीबद्दल मिळणाऱ्या नेहमीच्या सवलतीतली होती. गाण्याने माणूस सुटतो ही गोष्ट टेक्सासमध्ये एकदा खरी घडली होती. लुइझियानातही ती घडली असे म्हणणे विकायला सोपे होते, एवढेच.

सुटल्यावर तो टेक्सासमधल्या एका हॉटेलात लोमॅक्ससमोर उभा राहिला तेव्हा त्याच्याजवळ चाकू, गिटार आणि साखरेच्या पोत्यात भरलेला सारा संसार एवढेच होते, असे लोमॅक्सने पुढे वार्ताहरांना सांगितले. 1935 च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाने 'दोन खुनांच्या मधल्या वेळात गाणारा' अशा आशयाच्या मथळ्याखाली त्याची ओळख करून दिली. त्याच वर्षी एका बातमीपटासाठी त्याला कैद्याचे कपडे घालून आपल्याच सुटकेचा प्रसंग वठवावा लागला. म्हणजे विक्री सुरू झाली होती. फक्त विकली जात होती ती गिटार नव्हे, गिटार धरणारा माणूस विकला जात होता. कमाईचा मोठा वाटा लोमॅक्सकडे जातो म्हणून दोघांचे काही महिन्यांतच फाटले.

लेडबेलीची स्टेला ही लांब दांडीची, जाड तारा चढवलेली गिटार होती आणि तो ती नेहमीच्या सुरापेक्षा बरीच खाली लावत असे. ध्वनिमुद्रणे ऐकली तर खालच्या तारांचा आवाज एखाद्या पियानोच्या डाव्या हातासारखा येतो. हा खाली उतरवलेला सूर त्याच्या शैलीचा भाग होता, पण त्यामागे वाद्याची प्रकृतीही होती. नेहमीच्या सुरात लावलेल्या सहा तारांच्या गिटारीवर तारांचा एकूण ताण साधारण 70 ते 75 किलो असतो. बारा तारा चढवल्या की तो 110 किलोच्या आसपास जातो. एवढा भार तीन-चार मिलिमीटर जाडीच्या तबलीवर आणि सरसाने चिकटवलेल्या एका सांध्यावर रात्रंदिवस लटकलेला असतो. कोणी वाजवो न वाजवो.

त्याचे परिणाम ठरलेले असतात. घोडी तबलीला नुसती चिकटवलेली असेल तर तिच्या मागची तबली फुगते आणि पुढची खचते. घोडीची मागची कड उचकटू लागते. दांडी हळूहळू पुढे झुकते, तारा पडद्यांपासून उंच जातात आणि मग बोट दाबून दाबून रक्त येईल अशी अवस्था होते. स्टेलाच्या बारा तारांच्या अनेक गिटारींत तारा घोडीशी न थांबवता, सतारीच्या लंगोटासारख्या धातूच्या पट्टीने पार तळाच्या कडेला अडकवलेल्या असत, म्हणजे उपटणारा ओढ तबलीवर न येता चौकटीवर जाई. लेडबेलीची गिटारही तशीच होती. ही युक्ती आणि खाली उतरवलेला सूर, या दोन गोष्टींनी काही वाद्ये तगली. बाकीच्यांचे काय झाले ते जुन्या बाजारात दिसते. एक आड एक तार काढून टाकून सहा तारांवर निभावलेली गिटार, घोडीतून आरपार स्क्रू मारलेली गिटार, दांडीच्या टाचेत खिळा ठोकलेली गिटार. सुताराला रागावण्यात अर्थ नाही. त्याच्या समोर पुराणवस्तू नव्हती; उद्या बाजाराच्या दिवशी वाजली पाहिजे अशी एक अवजारवजा वस्तू होती.

खरे तर दुरुस्तीची रीतसर वाट आहे आणि ती सरसामुळेच आहे. जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस उष्णतेने व वाफेने सुटतो. कसबी कारागीर दांडी आणि धड यांच्या सांध्याजवळचा एक पडदा काढून, तिथे बारीक भोक पाडून वाफ सोडतो, पाचरीसारखा अडकलेला सांधा मोकळा करतो, दांडीच्या टाचेवरून कागदाच्या जाडीएवढे लाकूड तासून कोन सुधारतो आणि दांडी परत बसवतो. हे काम आज काही शे डॉलरचे आहे. 1930 च्या दशकात नव्या स्टेलाची किंमतच त्याहून कितीतरी कमी होती. तेव्हा कोण करणार?

आता लेडबेलीच्या समकालीनाकडे वळू. जॉर्जियाचा अंध गायक ब्लाइंड विली मॅकटेल याने 1927 पासून व्हिक्टर आणि इतर कंपन्यांसाठी मुद्रणे केली. लेडबेलीचा हात दणकट, तर याचा बारा तारांवरचा हात इतका हलका की ऐकताना वाद्य जड आहे हे विसरायला होते. नोव्हेंबर 1940 मध्ये अटलांटातल्या एका उपाहारगृहाबाहेर मोटारीतल्या गिऱ्हाइकांसाठी तो गाताना जॉन लोमॅक्सची पत्नी रूबी हिला दिसला. हॉटेलच्या खोलीत त्याचे मुद्रण झाले. गाणी आणि त्यामागच्या आठवणी मिळून जे काही झाले त्याचे त्याला 10 डॉलर मिळाले. ती मुद्रणे आज काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या मौल्यवान संग्रहात आहेत. 1959 मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या गाण्यांना जगभर श्रोते मिळायचे होते.

लेडबेली दहा वर्षे आधी, 6 डिसेंबर 1949 रोजी, मज्जासंस्थेच्या असाध्य आजाराने न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात वारला. त्याने काकांकडून उचललेले 'गुडनाइट आयरीन' हे गाणे पुढच्याच वर्षी 'द वीव्हर्स' या गायकगटाने गायले आणि ते 13 आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिले. हक्कांत लेडबेटरच्या जोडीला जॉन लोमॅक्सचे नाव होते. वीव्हर्समधल्या पीट सीगरने बारा तारांची गिटार लेडबेलीकडून घेतली आणि गोऱ्या, शहरी, महाविद्यालयीन श्रोत्यांपुढे ती नेली. इथून बाजाराचे वारे फिरू लागले.

1961 मध्ये गिब्सन कंपनीने बी-45-12 हे मॉडेल बाजारात आणले. 1963 च्या जानेवारीत 'रूफटॉप सिंगर्स' या त्रिकुटाचे 'वॉक राइट इन' हे गाणे पहिल्या क्रमांकावर गेले आणि त्यातल्या दोन बारातारी गिटारींच्या आवाजाने दुकानदारांकडे मागणी सुरू झाली. 1964 पर्यंत मार्टिन आणि गिल्ड याही प्रतिष्ठित कंपन्या या वाद्याच्या उत्पादनात उतरल्या. 'वॉक राइट इन' हे मुळात मेम्फिसच्या गस कॅननचे 1929 मधले गाणे. ते गाजत होते तेव्हा कॅनन हयात होता, वृद्ध होता, आणि आदल्या हिवाळ्यात घर गरम ठेवायला पैसे नाहीत म्हणून त्याने आपला बँजो गहाण टाकला होता. त्याचे दैव एवढेच बरे, की गाण्यामुळे मेम्फिसच्या स्टॅक्स कंपनीला त्याची आठवण झाली आणि त्या वर्षी त्याची एक ध्वनिमुद्रिका निघाली. झिजलेल्या वाद्याची जुनी बाजारपेठ आणि नवी बाजारपेठ यांची गाठ ज्या क्षणी पडली, तो क्षण दाखवायचा झाला तर मी हाच दाखवीन. एकाच गाण्याच्या एका टोकाला खास मागवून घेतलेल्या कोऱ्या गिब्सन गिटारी, दुसऱ्या टोकाला गहाणवटीची पावती.

ही लाट अटलांटिक ओलांडून गेली. बव्हेरियातल्या बुबेनरॉइट या गावाच्या परिसरात फ्रामुस नावाची कंपनी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून हाकलून दिलेले शोनबाख गावचे जर्मन व्हायोलिनकार तिथे येऊन वसले होते; फ्रेड विल्फरने 1946 मध्ये कंपनी काढली ती त्यांना पोटापाण्याचा उद्योग मिळावा म्हणून. साठच्या दशकात तिने 'हूटनॅनी' नावाची बारा तारांची गिटार काढली. हे अमेरिकन लोकगीत-मैफलींचे नाव. माल निर्वासित जर्मन सुतारांचा. तशी एक गिटार बीटल्सच्या जॉन लेननकडे आली आणि 1965 मध्ये 'हेल्प' या चित्रपटाच्या गाण्यांत वाजली. लिलाव करणाऱ्यांच्या म्हणण्यानुसार त्याच वर्षाच्या अखेरच्या 'नॉर्वेजियन वुड'च्या मुद्रणातही ती होती. म्हणजे बीटल्सच्या ज्या गाण्यात प्रथम सतार ऐकू आली त्याच गाण्यात. वर्ष संपायच्या सुमारास लेननने ती गॉर्डन वॉलर या गायक मित्राला देऊन टाकली, वॉलरने आपल्या व्यवस्थापकाला दिली, आणि ती इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या घराच्या माळ्यावर पन्नास वर्षे पडून राहिली.

घर बदलताना ती सापडली. पुढचे काम संशोधकाचे होते. 1965 च्या स्टुडिओतल्या छायाचित्रांत गिटारीच्या लाकडाच्या ज्या नसा दिसतात त्या, आणि हातातल्या वाद्याच्या नसा, एकमेकींशी ताडून पाहिल्या गेल्या. लाकडाच्या नसा बोटांच्या ठशांसारख्या असतात. एकाच झाडाच्या दोन फळ्याही तंतोतंत सारख्या निघत नाहीत. मूळ पेटी कचऱ्यात टाकली गेली होती, ती लिलावगृहाच्या माणसांनी उचलून आणली. ऑस्ट्रेलियातल्या मेटन कंपनीची ती पेटीही जुन्या छायाचित्रांत आढळली. 29 मे 2024 रोजी न्यूयॉर्कला ही गिटार 28 लाख 57 हजार 500 डॉलरला गेली. तीच गिटार, त्याच कारखान्यातली, त्याच वर्षाची, पण छायाचित्रात नसलेली, त्या किमतीच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास घुटमळते.

ही तफावत लाकडाची नाही, आवाजाचीही नाही. ती पुराव्याची आहे. आणि पुरावा कोणाकडे असतो? ज्यांची छायाचित्रे रोज निघत होती त्यांच्याकडे. मॅकटेलने आयुष्यात किती स्टेला वापरल्या, विकल्या, गहाण टाकल्या असतील; त्यांपैकी एखादी आज कुणाच्या भिंतीवर टांगलेली असली तरी ती त्याची आहे हे नसा जुळवून सिद्ध करायला स्पष्ट छायाचित्रे लागतात, आणि रस्त्यावर गाणाऱ्या अंध माणसाची अशी छायाचित्रे मोजकीच निघाली. निनावी हातांनी झिजवलेली स्टेला आजही बाजारात येते. तिला 'वाजवण्याजोगी' या वर्गात टाकतात. हा जुन्या गिटारींच्या धंद्यातला एक सौम्य शब्द आहे. त्याचा अर्थ असा, की आवाज चांगला, पण मूळ भाग बदललेले. संग्राहकाने घेऊ नये, वादकाने घ्यावी. पॉलिश नव्याने केलेले असेल तर किंमत निम्म्यावर येते, असा ढोबळ ठोकताळा आहे. कोबेनची मार्टिन या नियमाने पाहिली तर भंगलेलीच होती. डावखुऱ्या वादनासाठी उलटी करून घेतलेली, वरून जादा पिकअप बसवलेला. नाव लागले की बदल हा दोष राहत नाही, तो चरित्राचा भाग होतो.

झिजेला भाव आला, तेव्हा कारखान्यांनी झीजही विकायला काढली. नव्वदच्या दशकाच्या मध्यात फेंडर कंपनीने 'रेलिक' या नावाने मुद्दाम खरवडलेल्या, गंजवलेल्या, घामाचे डाग पाडल्यासारख्या दिसणाऱ्या नव्या इलेक्ट्रिक गिटारी काढल्या. कोऱ्या गिटारीपेक्षा त्या महाग असतात. आजोबांच्या धोतराला नीळ घालून ते पांढरेशुभ्र ठेवण्यात ज्यांची हयात गेली, अशा घरातल्या माणसाला हे पचणे जरा अवघड जाते.

आपल्या मुलखाचा एक धागा या व्यवहारात आहे आणि तो लाकडाचा आहे. मार्टिनच्या उंची गिटारींच्या पाठी-बाजू दीर्घकाळ ब्राझीलच्या रोझवूडच्या असत. ब्राझीलने लाकडाचे ओंडके बाहेर पाठवण्यावर बंधने आणली, तेव्हा 1969 मध्ये मार्टिनने भारतीय रोझवूड घ्यायला सुरुवात केली. हे भारतीय रोझवूड म्हणजे सह्याद्रीत वाढणारा शिसव. ज्याचे पलंग, देव्हारे आणि झोपाळे आपल्या जुन्या वाड्यांत असत, तोच. पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरने सत्तरच्या दशकात एका मित्राकडून मार्टिनची 1971 सालची बारा तारांची डी12-28 वापरलेली घेतली. 'विश यू वेअर हिअर' या 1975 मधल्या गाण्याचा आरंभ तिच्यावर सुचला. 20 जून 2019 रोजी ख्रिस्तीजने न्यूयॉर्कला त्याच्या गिटारींचा लिलाव केला, तेव्हा ही 5 लाख डॉलरच्या वर गेली. म्हणजे लेडबेलीच्या गिटारीसाठी 1993 मध्ये जेवढे मागितले होते, त्याच्या जवळपास. लिलावाचे सगळे उत्पन्न, 2 कोटी 14 लाख डॉलरहून अधिक, गिल्मोरने पर्यावरणासाठी कायदेशीर लढे देणाऱ्या 'क्लायंटअर्थ' या संस्थेला दिले.

जंगलांचा प्रश्न या बाजारात नुसता नैतिक नाही, कागदोपत्री आहे. ब्राझीलचे रोझवूड 1992 पासून वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. त्याची जुनी गिटार परदेशी विकायची तर लाकूड बंदीपूर्वीचे असल्याचे प्रमाणपत्र लागते. 2 जानेवारी 2017 पासून शिसवासह त्या प्रजातीची सर्व झाडे दुसऱ्या परिशिष्टात गेली आणि शिसवी गिटार देशाबाहेर विकायलाही परवाना लागू झाला. वाद्यकारांच्या तक्रारींनंतर 2019 च्या अखेरीस तयार वाद्यांना सूट मिळाली. बर्चच्या स्टेलाला यातले काहीच आड आले नाही. गरिबांच्या लाकडाला परवाना लागत नाही.

मग लेडबेलीच्या गिटारीसाठी मागितलेले 5 लाख डॉलर जास्त होते की कमी? आज मागे वळून पाहता कमी, असे कोणीही म्हणेल. पण मला ते हिशेब करून काढलेले उत्तर वाटते. 1993 मध्ये ती किंमत ऐकून स्टुडिओतले लोक हसले, यात त्यांचा दोष नाही. गिटारीची किंमत मागच्या मालकाच्या थोरवीवर ठरत नाही, पुढचा गिऱ्हाईक लहानपणी कोणाची गाणी ऐकत मोठा झाला त्यावर ठरते. लेननची गाणी ऐकत वाढलेली पिढी आज श्रीमंत आहे. लेडबेलीला ऐकत वाढलेल्यांत श्रीमंत झालेले बरेचसे वादकच होते, आणि ते श्रीमंत झाले ते त्याचीच गाणी गाऊन.

1948 च्या शरदात, लेडबेलीच्या मृत्यूच्या वर्षभर आधी, फ्रेडरिक रॅमसी या जाझ-अभ्यासकाने त्याला न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी जेवायला बोलावले. रॅमसीकडे चुंबकीय फितीवर मुद्रण करणारे यंत्र नव्याने आले होते. तीन-चार मिनिटांत संपणाऱ्या तबकडीची घाई आता नव्हती. लेडबेली गात गेला, मध्येच बोलत गेला, पत्नी मार्थाने साथ केली. पुढच्या बैठका धरून नव्वदच्या वर गाणी जमली आणि ती फोकवेज कंपनीने 1953 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांतली पहिल्या संध्याकाळची गाणी ऐकताना काहीतरी चुकल्यासारखे वाटते. नुसता आवाज आहे, कधी टाळी. मुद्रणाचे आधी काही ठरलेले नव्हते आणि जेवायला जायचे म्हणून तो गिटार घरीच ठेवून आला होता.